किरकोळ दुखापतीनंतर वजन उचलायला सुरुवात: आधी काय, नंतर काय

शेवाळलेल्या पायरीवर पाय मुरगळतो, पाण्याची कळशी उचलताना कंबरेत उसण भरते, नाहीतर जाळं ओढताना खांदा लचकतो. दोन-तीन आठवड्यांत दुखणं ओसरतं. त्यानंतर आयुष्यात पहिल्यांदाच वजन उचलायचा व्यायाम करायचं ठरवलेली माणसं दोन प्रकारे फसतात. काही जण भीतीपोटी महिनोन्‌महिने नुसतं चालतात आणि तेवढ्यात दुखावलेला भाग आणखी कमजोर होतो. काही जण पहिल्याच संध्याकाळी आधीच्या माणसाने लावलेल्या प्लेट्स तशाच ठेवून रॉडला हात घालतात. दोघांचाही क्रम चुकलेला असतो. दुखापत तपासणं, रिकाम्या हाताने हालचाल बसवणं, हलकं वजन घेणं आणि मग ते वाढवणं, असा हा क्रम आहे. पुढे जायचं की थांबायचं, हे दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी अंग काय सांगतं त्यावर ठरवायचं.

हा लेख घोट्याची लचक, कंबरेची उसण आणि खांद्याचा किंवा मनगटाचा साधा ताण यांच्यापुरता आहे. हाड मोडलं असेल, ऑपरेशन झालं असेल, खांदा निखळला असेल किंवा मणक्याची गादी सरकल्याचं निदान झालं असेल, तर तुमचा क्रम फिजिओथेरपिस्टने आखायला हवा.

## टप्पा १: दुखापत खरंच किरकोळ आहे का?

घोटा. पाय मुरगळल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं टाकता आली नसतील, तर एक्स-रे काढायचाच. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी उंच हाडं हाताला लागतात, त्यांच्या मागच्या कडेवर किंवा खालच्या टोकावर बोटाने दाबल्यावर दुखत असेल तरीही काढायचा. पावलाच्या बाहेरच्या कडेला, साधारण मध्यावर, एक हाड वर आलेलं असतं. तिथे दाबल्यावर दुखलं, तरी हेच. नुसती सूज किंवा काळंनिळं पडणं लचकेतही असतं. त्यावरून हाड मोडलं की नाही, हे कळत नाही.

कंबर. उसण कितीही जोराची असली तरी ती सहसा काही आठवड्यांत उतरते. पण पायातली ताकद कमी होत असेल, मांड्यांच्या मधल्या भागात किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा आला असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल किंवा लघवी अडकली असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन विनाकारण उतरत असेल किंवा दुखणं पडल्यानंतर सुरू झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खांदा. हात स्वतःच्या ताकदीने बाजूने वर नेता येत नसेल, खांद्याचा आकार दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळा दिसत असेल किंवा रात्री दुखण्याने झोपमोड होत असेल, तर तो साधा ताण नाही.

छातीत दुखणं, चक्कर, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, मधुमेहावरची इंजेक्शनं किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

डॉक्टरांकडे गेलात की नुसतं “व्यायाम करू का?” असं विचारू नका. त्याला “थोडे दिवस आराम करा” एवढंच उत्तर मिळतं. असं विचारा: “मला हलकी वजनं घेऊन उठाबशा आणि वाकून उचलायचे व्यायाम सुरू करायचेत. यातली कुठली हालचाल टाळू आणि किती आठवडे?” प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं मिळतं.

सावध: ताज्या लचकेवर पहिले दोन-तीन दिवस गरम तेल जोरजोरात चोळू नका, सूज वाढते. आणि व्यायामाला जाण्याआधी वेदनाशामक गोळी कधीच घेऊ नका. दुखणं हेच इथे तुमचं मोजमाप आहे. ते दाबून टाकलं तर पुढचा एकही टप्पा तपासता येणार नाही.

## टप्पा २: घरच्या घरी चाचणी

जिमची फी भरण्याआधी ही चाचणी करा. नेहमी आधी चांगल्या बाजूने, मग दुखऱ्या बाजूने. दोन्ही बाजूंतला फरक वहीत लिहून ठेवा.

घोट्यासाठी तीन गोष्टी. पहिली: भिंतीसमोर अनवाणी उभं राहून पायाचा अंगठा भिंतीपासून अंतरावर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. टाच न उठता जास्तीत जास्त किती सेंटिमीटरपर्यंत जमतं ते मोजा. १० च्या आसपास चांगलं. दोन्ही पायांत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर घोटा अजून आखडलेला आहे. दुसरी: एका पायावर ३० सेकंद उभं राहणं. तिसरी: भिंतीला बोटं टेकवून एका पायाच्या चवड्यावर वर-खाली. चांगल्या पायाने २० होत असतील आणि दुखऱ्याने ८, तर पोटरी कमजोर आहे, आणि अशा पायाला पुन्हा मुरगळायला वेळ लागत नाही.

कंबरेसाठी: सपाट रस्त्यावर अर्धा तास चालून दुखणं वाढू नये. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठता-बसता यावं. उभ्याने पुढे वाकून बोटं गुडघ्यांच्या खाली जावीत आणि सरळ होताना चमक येऊ नये.

खांद्यासाठी: दोन्ही हात कानांना लागतील इतके वर जावेत आणि भिंतीवर हात टेकून मारलेले १५ जोर न दुखता व्हावेत.

जे जमलं नाही, तोच पुढच्या आठवड्याचा व्यायाम. घोटा आखडला असेल तर गुडघा भिंतीला लावण्याची तीच हालचाल रोज दोनदा, १०-१० वेळा. एका पायावर तोल राहत नसेल तर दात घासताना तेच करा, एक हात बेसिनजवळ ठेवून. आठवड्याने पुन्हा मोजा. तीन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

## टप्पा ३: जागा, सामान, वेळ

ज्या वेळेला व्यायाम करणार, त्याच वेळेला जिम एकदा नुसतं बघून या. संध्याकाळी सात ते नऊ बहुतेक ठिकाणी गर्दी असते. बिचकणाऱ्या माणसाने सकाळी जरा उशिराची किंवा दुपारी चारची वेळ धरावी. सामान मोकळं असतं आणि ट्रेनरही दोन मिनिटं बोलायला मोकळा असतो.

रॉडचं वजन आधी कळायला हवं. नव्या माणसाची मोठी गफलत इथेच होते. स्पर्धेतला पुरुषांचा रॉड २० किलोचा आणि २.२ मीटर लांब असतो, बायकांचा १५ किलोचा. गावातल्या व्यायामशाळेत मात्र बारीक, आखूड रॉडही असतात आणि त्यांचं वजन याच्या निम्म्यानेही कमी असू शकतं. “रॉड धरून तीस” असं कुणी म्हणालं तर नेमके किती, ते तुम्हाला कळत नाही. वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग रॉड हातात घेऊन. फरक तेवढं रॉडचं वजन. समुद्राजवळच्या जिममध्ये प्लेट्स गंजून वरचे आकडे पुसले गेलेले असतात. त्याही अशाच तोला आणि खडूने आकडा लिहा.

तिथे असतानाच आणखी काही बघून घ्या. रॉड जमिनीवर लोटला की सरळ घरंगळतो का? डुलत गेला तर तो वाकलेला आहे. प्लेट्स जागेवर धरणारा टोकाचा लॉक हाताने ओढल्यावर हलतो का? खाऱ्या हवेत स्प्रिंगचे लॉक ढिले पडतात आणि स्क्रूचे गंजून अर्ध्यातच अडकतात. लॉक सुटला की एका बाजूच्या प्लेट्स घसरतात आणि रॉड झटक्याने दुसऱ्या बाजूला कलंडतो. बाक डगमगतो का? स्क्वॉटच्या (वजन घेऊन उठाबशांच्या) स्टँडला आडव्या सुरक्षा-पट्ट्या आहेत का? नसतील तर त्या जिममध्ये पाठीवर रॉड घेऊन स्क्वॉट करायचा नाही. त्याशिवायही भरपूर व्यायाम होतो.

घाम आणि पाऊस. आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही. दोन नॅपकिन ठेवा, एक हातांसाठी, एक बाकासाठी. केसांना खोबरेल लावून तेच हात रॉडला लावले तर पकड सुटलीच. आधी साबणाने धुवा. पावसाळ्यात ज्या बुटांनी चालत आलात त्यांनी आत व्यायाम करू नका. पातळ, कडक, सपाट तळव्याचे कॅनव्हासचे बूट पिशवीत कोरडे आणा. धावायचे जाड फोमचे बूट वजनाखाली दबतात, आणि लचकलेल्या घोट्याला तेवढं डळमळणंही नको असतं. घाम पडलेल्या टाइलवर अनवाणी तर मुळीच नको.

एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर येण्याआधी किंवा मावळल्यावरच जा. तासाभराच्या व्यायामात अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. फार घाम येत असेल तर घरी आल्यावर मीठ घातलेली पेज किंवा ताक पुरतं. उन्हाळ्यात पहिल्या दहा-बारा दिवसांत वजन वाढवू नका, शरीराला आधी उकाड्याची सवय होऊ द्या.

घरी करायचं असेल तर ५ लिटरचा पाण्याचा कॅन भरला की साधारण ५ किलो होतो. तो तोंडापर्यंत भरा. अर्धवट कॅनमधलं पाणी हिंदकळतं आणि दुखरा सांधा ते सावरत बसतो. जास्त वजनासाठी पाठीवरच्या सॅकमध्ये तांदूळ तोलून भरा आणि सॅक छातीशी धरा.

ट्रेनरशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला: “सर, माझा घोटा दीड महिन्यापूर्वी मुरगळला होता. डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही म्हणून सांगितलंय. पहिले दोन आठवडे मी वजन घेणार नाही, फक्त हालचाली नीट करणार. चुकलं तर सांगा.” चांगला ट्रेनर हे ऐकून खूश होतो. “अरे काही होत नाही, लाव प्लेट” असं जो म्हणतो, त्याच्या हाती दुखावलेला सांधा देऊ नका.

## टप्पा ४: वजनाशिवाय पाच हालचाली (दोन आठवडे)

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. प्रत्येक हालचालीचे दोन सेट, दर सेटला ८ ते १० वेळा. आधी पाच-सात मिनिटं चालून आणि खांदे-घोटे फिरवून अंग गरम करा.

१. खुर्चीवर बसणं-उठणं. पाय खांद्याइतके लांब, चवडे किंचित बाहेर. पाठ सरळ ठेवून मागे बसा, टेकल्यासारखं झालं की उठा. धप्पकन अंग सोडू नका, खाली जायला तीन सेकंद लावा. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने जावेत, आत पडू नयेत. तालमीतल्या बैठकीत टाच उचलली जाते. इथे टाच पूर्ण टेकलेली हवी. लचकलेला घोटा आखडला असेल तर त्या बाजूची टाच आधी उठते किंवा अंग दुसऱ्या पायावर झुकतं. कुणाला तरी समोरून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. स्वतःला हे जाणवत नाही.

२. खुब्यातून वाकणं. पाचांतली ही सगळ्यात अवघड हालचाल, आणि कंबर दुखलेल्या माणसाने तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवायचा. केरसुणीचा दांडा किंवा डोक्यापासून माकडहाडापर्यंत पोचेल एवढी काठी पाठीला उभी लावा. एक हात मानेमागे, दुसरा कंबरेमागे. काठी डोक्याच्या मागे, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकलेली हवी. आता गुडघे जरासे सैल सोडा आणि दोन्ही हातांत पिशव्या असताना ढुंगणाने दार लोटतो तसं ढुंगण मागे न्या. धड आपोआप पुढे झुकतं. मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या गेल्या की थांबा आणि खुबा पुढे आणत सरळ व्हा.

काठी माकडहाडापासून सुटली तर कंबर वाकली. डोक्यापासून सुटली तर मान खाली गेली. काठी टेकलेलीच आहे पण गुडघे पुढे जातायत, तर तुम्ही वाकत नाही, बसताय. भिंतीकडे पाठ करून दोन विती अंतरावर उभे राहा आणि ढुंगण भिंतीला लावायचा प्रयत्न करा, बहुतेकांना इथे उमगतं. लावणी करताना आपण तासन्‌तास कंबर गोल करून वाकतो, शरीराला तीच सवय असते. म्हणून काठीशिवाय पाठ सरळ आहे असं वाटलं, तरी त्यावर भरवसा ठेवू नका.

३. जोर, चढत्या क्रमाने. भिंतीवर १५ झाले की ओट्यावर किंवा भक्कम टेबलावर, मग बाकावर. कोपर अंगापासून साधारण ४५ अंशांवर ठेवा. ते कानाच्या रेषेत फाकले की खांदा कुरकुरतो.

४. ओढणं. एक हात आणि गुडघा बाकावर टेकवून दुसऱ्या हाताने रिकामा कॅन बरगडीकडे ओढा. खांदा कानाकडे चढू देऊ नका.

५. धरून चालणं. दोन्ही हातांत सारखं, अगदी हलकं ओझं घेऊन २० पावलं. या टप्प्यात ओझं घ्यायचं ते फक्त इथे. अंग कुठल्याही बाजूला झुकू नये.

श्वास: जोर लागतो तेव्हा सोडा, परत जाताना घ्या. श्वास कोंडून ताकद लावली तर रक्तदाब क्षणभर खूप चढतो. रक्तदाब असणाऱ्यांनी हे कधीही करू नये.

तपासा: दोन आठवड्यांच्या शेवटी पाचही हालचाली दुखणं ३ च्या वर न जाता होतात का (मोजमाप टप्पा ६ मध्ये), आणि काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहते का? नाही तर आणखी एक आठवडा इथेच.

## टप्पा ५: पहिलं वजन

आता आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवस सोडून. सोमवार-गुरुवार, मंगळवार-शुक्रवार, जसं जमेल तसं. क्रम हाच ठेवा: स्क्वॉट, डेडलिफ्ट (खुब्यातून वाकून खालचा रॉड उचलणं), जोर किंवा प्रेस (वजन हातांनी वर ढकलणं), ओढणं, धरून चालणं. तोलाची आणि पाठीची कामं अंग ताजं असताना उरकायची.

*स्क्वॉट:* ४-५ किलोचा एक डंबेल छातीशी उभा धरून, मागे बाक ठेवून. ओझं समोर असल्याने धड आपोआप सरळ राहतं.

*डेडलिफ्ट:* इथे नीट लक्ष द्या. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. ५ किलोची लहान लोखंडी प्लेट लावली तर रॉड त्याच्या कितीतरी खाली जातो. नवा माणूस हलकं वजन घ्यायचं म्हणून लहान प्लेट लावतो आणि नेमका जास्त खोल वाकतो. हलकं वजन असूनही कंबर भरते ती अशी. दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी ठोकळे किंवा एकावर एक प्लेट्स रचून रॉड गुडघ्याच्या जरा खालपर्यंत उंच करा. रिकाम्या रॉडने सुरुवात. रॉड नडगीला चिकटून वर-खाली जायला हवा. तो चार बोटं पुढे गेला तरी कंबरेवरचा भार चांगलाच वाढतो.

*प्रेस:* जमिनीवर चटई घालून पाठीवर झोपा, दोन्ही हातांत ३-४ किलोचे डंबेल. कोपर जमिनीला टेकतं म्हणून खांदा हद्दीपलीकडे मागे जात नाही. एकट्याने बाकावर रॉड घेऊन बेंच प्रेस करू नका. छातीवर अडकलेला रॉड उचलायला कुणी नसेल तर तो जीवघेणा ठरू शकतो.

*ओढणं:* ४-५ किलो. *धरून चालणं:* दर हाताला ५ किलो, २० ते ३० पावलं.

हे आकडे सुरुवातीचा अंदाज आहेत. खरी कसोटी अशी: १० वेळा झाल्यावर आणखी चार-पाच वेळा सहज झालं असतं असं वाटायला हवं. पहिला आठवडा फार सोपा गेला तर तो बरोबर गेला. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात. लिगामेंट (हाडाला हाड जोडणारे बंध) आणि स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारे) यांना त्याहून जास्त वेळ लागतो, आणि दुखावलेलं बहुतेकदा तेच असतं.

पहिल्या आठवड्यात दोन सेट, मग तीन. दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटं थांबा. सगळं मिळून ४० मिनिटं पुरे.

दुखापतीप्रमाणे थोडे बदल करावे लागतील. घोटा दुखावलेल्यांनी टाचांखाली दीड सेंटिमीटर जाडीची पट्टी ठेवून स्क्वॉट करावा. उड्या आणि लंज (एक पाय लांब पुढे टाकून खाली बसणं) पहिला महिना नकोत. कंबरवाल्यांनी उठल्या-उठल्या वजन घेऊ नये. रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तासभर हिंडू-फिरू द्या. आडवं पडून उठायचे पोटाचे व्यायामही तूर्त नकोत. खांदावाल्यांनी रॉड मानेमागे घेऊन वर ढकलणं आणि डिप्स (दोन दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं) टाळावेत.

## टप्पा ६: दुखण्याचा हिशोब

० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट दुखणं. दुखावलेल्या जागेसाठी व्यायामाच्या आधी, दरम्यान आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा लिहा.

० ते ३: चालू ठेवा. ४ किंवा ५: वजन निम्मं करा किंवा हालचाल आखूड करा. त्याने उतरलं तर सेट पूर्ण करा. त्यापुढे: तो व्यायाम त्या दिवसापुरता बंद, बाकीचे करता येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा व्यायामाआधीच्या आकड्याइतका किंवा कमी असेल तर झालेला भार पचला. जास्त असेल, सूज आली असेल किंवा पहिली पावलं लंगडत पडली असतील, तर पुढच्या वेळी मागच्यापेक्षा कमी. इथे घाबरून सगळंच सोडू नका. एक पायरी खाली या, तेवढंच.

अंग दुखणं आणि दुखापत यांत नवा माणूस गोंधळतो. अंगदुखी दोन्ही बाजूंना असते, स्नायूच्या मांसल भागात असते, पुसट आणि पसरलेली असते. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि हालचाल केली की सैल होते. दुखापत एका बाजूला, सांध्याजवळ, बोटाने दाखवता येईल अशा जागी असते. ती बोचते, किंवा विजेसारखी पायात वा हातात उतरते.

सावध: व्यायामानंतर एक-दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली आणि स्नायू सुजून प्रचंड दुखत असले, तर तडक हॉस्पिटलमध्ये जा. अतिश्रमाने स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार आल्याची ती खूण असू शकते. उकाड्यात, कमी पाण्यावर, पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारणाऱ्यांना हा धोका असतो.

## टप्पा ७: वाढवायचं कसं

एका वेळी एकच गोष्ट वाढवा. आधी वेळा: ८ वरून १०, १० वरून १२. तिन्ही सेट १२-१२ झाले आणि सलग दोन सकाळी आकडा वाढला नाही, की मग वजन. रॉडला दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो, म्हणजे एकूण अडीच. वजन वाढवलं की वेळा परत ८ वर. जिममध्ये डंबेल अडीच किलोच्या टप्प्यांनी असतील तर ५ वरून साडेसातला जाणं म्हणजे थेट दीडपट. अशा वेळी आधीच्याच डंबेलने १५ पर्यंत जा, मगच बदला.

डेडलिफ्टमध्ये आधी वजन न वाढवता ठोकळ्यांची उंची कमी करत जा, दोन आठवड्यांनी एक प्लेट खाली. साडेबावीस सेंटिमीटरला पोचलात की वजनाकडे वळा. त्याखाली जायची गरज नाही.

पाठीवर रॉड घेऊन स्क्वॉट करायची घाई नको. छातीशी १२ ते १६ किलो धरून तीन सेट नीट व्हायला लागले की मग. तेव्हाही आडव्या सुरक्षा-पट्ट्या स्क्वॉटच्या सर्वांत खालच्या उंचीपेक्षा दोन बोटं खाली लावा आणि रिकाम्या रॉडने एकदा मुद्दाम पट्ट्यांवर टेकून बाहेर पडायचा सराव करा. अडकल्यावर काय करायचं हे हातांना माहीत असलं की भीती निम्मी होते. कंबरपट्टा सुरुवातीला वापरू नका. पट्ट्याने दुखणं झाकलं जात नाही, पण वजन मात्र नकळत जास्त घेतलं जातं.

घरची कामंही वजनच आहेत. हा हिशोब बहुतेक जण विसरतात. दिवसभर लावणी केली, आंब्याच्या पेट्या चढवल्या, चिरे वाहिले किंवा होडी किनाऱ्यावर ओढली, तर तो कंबरेचा आणि खांद्याचा व्यायाम झालेला आहे. त्या आठवड्यात डेडलिफ्ट आणि ओढणं सोडा किंवा निम्म्यावर आणा, बाकीचं चालू ठेवा. लावणीच्या मोसमात वजन वाढलं नाही तरी काही बिघडत नाही.

गणपतीत किंवा शिमग्यात खंड पडतोच. आठवडाभराचा खंड असेल तर मागच्याच वजनावरून सुरू करा. दोन-तीन आठवड्यांचा असेल तर पाचवा हिस्सा कमी करून. महिन्याच्या पुढे गेला तर टप्पा ५ चे आकडे पुन्हा. ते पटकन भरून निघतात.

खाण्याबद्दल थोडक्यात. वजन उचलणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. नुसत्या भात-आमटीवर ते होत नाही. १०० ग्रॅम बांगड्यात १९ ग्रॅमच्या आसपास, दोन अंड्यांत १२, १०० ग्रॅम कोरड्या कुळथात २२ च्या आसपास. दोन्ही जेवणांत मासळी, अंडी किंवा घट्ट कुळथाची पिठी आणि उसळ असेल, तर डब्यातली पावडर घ्यायची गरज सहसा पडत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारून ठरवा.

आठव्या आठवड्याच्या शेवटी टप्पा २ ची चाचणी पुन्हा करा आणि वहीतल्या पहिल्या आकड्यांशी ताडून बघा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या असतील तर तिसरा दिवस जोडता येईल. दुखरी बाजू अजून मागे असेल तर एका पायाचे किंवा एका हाताचे व्यायाम तिच्यापासून सुरू करा आणि ती जितक्या वेळा करेल तितक्याच वेळा चांगल्या बाजूने करा. चांगल्या बाजूने जास्त केलं तर फरक तसाच राहतो.